बिऱ्हाडभाड्याचे मेहताजी

आमच्या ह्यांची पुन्हा बदली निघाली हाय. चिठ्ठी कालच आली. धाकटं पोर मांडीवर हाय, अजून मान धरत न्हाय, आनि मला सारखे ते मेहताजी आठवतात. त्यांचं खरं नाव मला कोनी सांगितलं न्हाय आनि मी इचारलं न्हाय. रेवदंड्याला पेढीवर समदे त्यांना मेहताजी बोलायचे, मी पन तेच बोलते. मला लिवता येतं ते तिसरीपरतं, तवा चुकलंमाकलं सोडून द्या. पन तो मानूस कसा व्हता ते कुटंतरी राहावं असं वाटतं, कारन रेवदंड्यात लोकं अजून त्याला येडा बोलतात आनि ते मला ऐकवत न्हाय.

पेढी मिठाची. शेठ मुंबईला, वखारी हितं खाली, रेवदंड्याला येक, रेवसला येक, करंज्याला येक. आमचे हे वखारीवर चौकीदार. शेठचा नेम असा की चौकीदार येका जागी फार वर्सं ठेवायचा न्हाय, गावात त्याच्या वळखी वाढतात आनि मंग मिठाच्या गोनीला पाय फुटतात. म्हनून बदली. बदलीचा खर्च पेढीचा, त्याला बिऱ्हाडभाडं बोलायचे. मान्साचं भाडं, बायकोचं भाडं, आनि ठरल्या वजनाच्या सामानाचं भाडं, समदं पेढीच्या मचव्यानं, बंदर ते बंदर. गाडीरस्त्यानं जाशील तर तुझं तू बघ. आनि बायकोसामान घेऊन गेला तरच बदली झाली असं शेठ धरायचा. येकटा गेला तर नाव काटलं, नोकरी गेली, कारन येकटा गेलेला गडी वखार उघडी टाकून बायकोकडं पळतो, असं शेठला वाटायचं. मंग कोन गेलं, काय गेलं, किती वजनाचं गेलं, ते बंदरावर उभं राहून बघनारे आनि सही करनारे हे मेहताजी.

मी त्यांना पहिल्यांदा बघितलं ते नवी नवरी असताना. मचव्यातनं उतरले ती ओकून ओकून अर्धी झालेली, आनि समोर येक वाळका मानूस, भर उनात कोटाची बटनं गळ्यापरत लावलेली, डोक्यावर काळी टोपी, हातात लोखंडी काटा. मला वाटलं मासळी मोजनारा असंल. तो बोलला, "बाय, बाजूला हो, तुझं वजन धरायचं न्हाय." आनि माझं येकेक बोचकं आकड्याला लावून उचलायला लागला. आयेनं दिलेलं जातं उचललं तसा काटा खाली बसला.

"जातं बसत न्हाय."

"मंग मी दळू कशावर?" मी बोलले. नवी नवरी, पन बोलले.

"ते पेढीला इचार. पेढी गप बसंल. पेढी गप बसली म्हंजे न्हाय."

आमचे हे बाजूला मान खाली घालून उभे. जात्याचं भाडं ह्यांनी पदरचं भरलं आनि मी मनात त्या मान्साला काय काय शिव्या दिल्या त्या लिवत न्हाय.

पेढीच्या समद्या बायका त्यांना भ्यायच्या. कोनाची बदली झाली की निघताना शेजारनी गळ्यात पडून रडायच्या, तर मेहताजी मधी काटा घेऊन उभे, "आटपा, आटपा. भाडं मान्साला हाय, मायेला न्हाय." पाळन्यातलं पोर उचलून मायेच्या हातात द्यायचे आनि रिकामा पाळना तोलायचे. लहान पोराला भाडं लागत न्हवतं, तवा पोर मान्सात पन न्हाय आनि सामानात पन न्हाय, बिलावर पोर नावाची वस्तूच न्हाय. येका बायनं इचारलं, "मेहताजी, मंग ह्याला काय समजायचं?" तर पोराकडं टक लावून बघत बोलले, "हे तुझं तू समज."

सवयी तर अशा की हसावं का रडावं. कोनीपन भेटला की पहिलं, कुटून आलात, कशानं आलात, भाडं काय पडलं. मौतीला आलेल्या पाव्हन्यांना पन तेच. त्यांच्या खोलीत भिताडाला खिळा न्हवता. खिळा मारला की मानूस रूततो, बोलायचे. दोन पेट्या, येक ताट, येक तांब्या, येक मोठी छत्री, ती कोनाला हात लावू देत न्हवते. पेढीनं आपली बदली कधी केली तर सामान वजनात बसलं पाहिजे म्हनून नवं धोतर घेतलं की जुनं कोनाला तरी देऊन टाकायचे. बायकोपोरं व्हती का न्हाय, कोनाला ठाव न्हाय. दारात तुळस लावा बोलले कोनी, तर बोलले, "ओल्या मातीचं वजन फार."

मचव्याचे नाखवा मुसलमान, म्हातारे, दाढी मेंदीनं लाल, आनि त्या दोघांची बंदरावर रोज जुंपायची.

"मेहताजी, खुदाच्या घरी जाताना काटा घेऊन जानार का?"

"जाईन. तुमचा मचवा तितं पन भरून निगंल, कोनीतरी बघाया पायजे."

"आनि भाडं कोन देनार?"

"बंदर ते बंदर असलं तर पेढी देईल."

नाखवा हसून हसून खोकायचे. मेहताजी हसायचे न्हाय. त्यांना मी हसताना बघितलंच न्हाय.

मंग माझी मोठी पोरगी झाली ते साल. जेठाचा महिना, दर्या खवळलेला, वारा खालचा, दक्षिनेचा सुटलेला, मचवे वर काढायला लोकं लागलेली. येकदा मचवे वर चढले की नारळी पुनवेपरत दर्या बंद. आनि तवाच चिठ्ठी आली, करंज्याच्या वखारीवर बदली, शेवटच्या मचव्यानं निघा. मी ओली बाळंतीन. अंगात ताप, दूध आटलेलं, पोरगी येवडीशी, मांजराच्या पिलावानी. सुईन बोलली ही बाय दर्यावर गेली तर पोरगी पान्यात जाईल आनि ही मातीत. गाडीरस्त्यानं जायाचं तर पेढी भाडं देत न्हाय आनि आमच्यापाशी काय न्हवतं. माहेर पेनच्या पल्याड, खाड्या तुडुंब, आनि आय मेलेली. हितं राहू तर खोली पेढीची, नवा चौकीदार त्याच मचव्यानं बिऱ्हाड घेऊन येनार. आनि हे येकटे गेले तर नाव काटलं.

हे मेहताजींच्या पाया पडले. मी आडोशाला उभी, ऐकत.

"मेहताजी, पुनवेपरत सवड द्या."

"सवड माझ्यापाशी न्हाय. माझ्यापाशी काटा हाय."

बस, येवडंच बोलले. हे परत आले तसे भिताडाला टेकून बसले, आनि मी पोरगी पोटाशी धरून सामान बांधायला घेतलं, करनार काय.

सकाळी बंदरावर गेलो. लाटा पायरीवर चढत व्हत्या. मेहताजी काटा घेऊन उभे, रोजच्यासारखे, येकेक बोचकं तोललं, मचव्यात चढवलं. हे चढले. मी पाऊल टाकलं तसे नाखवा आडवे झाले.

"मेहताजी, अल्लाची आन हाय, ह्या बाळंतिनीला मी घेनार न्हाय. दर्या बघा. पोरगीच्या तोंडाकडं बघा."

मी तितंच खाली बसले. मला वाटलं संपलं, नाव काटलं.

मेहताजींनी दर्याकडं बघितलं न्हाय आनि पोरगीकडं पन न्हाय. कोटाच्या खिशातनं टाक काढला, नाखव्यांना बोलले, "मानसं किती?"

"येक," नाखवा बोलले.

"दोन," मेहताजी बोलले.

"मेहताजी, येक हाय. तुमच्या डोळ्यासमोर येक हाय."

"नाखवा, मला दोन दिसतात. तुम्हाला येक दिसत असंल तर सांगा, मी बिल फाडतो."

नाखवा काय ते समजले. दाढीवर हात फिरवला आनि शिडाकडं वळले. आमचे हे मचव्यात उभे, तोंड असं झालेलं की पाऊस पडतोय का रडतायत कळत न्हवतं. मचवा लांब गेला. मंग मेहताजी माझ्याकडं न बघता, किल्ल्याच्या भिताडाशी बोलल्यासारखं बोलले, "चौकीदाराचं बिऱ्हाड गेलं. आता हितं कोनी न्हाय."

आनि पुढं चालायला लागले. मी मागनं.

पेढीच्या मागं त्यांची खोली, तिच्या मागं गोन्या ठेवायची कोठी. मागच्या अंगाला भाताचं खाचर, पावसात पानीच पानी, बाहेर पडायचं तर येकच वाट, पुढनं, पेढीच्या ओटीवरनं. त्या कोठीत मी आनि पोरगी राहिलो. जेठ गेला, आखाड गेला, सरावन लागला, आनि त्या साऱ्या दिवसांत मेहताजी माझ्याशी येक शब्द बोलले न्हाय. कारन मी तितं न्हवते. बिलावर मी करंज्याला. मंग हितल्या बायशी ते बोलनार कसे?

त्यांना बोलायचं असलं की ते भिताडाशी बोलायचे, न्हायतर मांजराशी. "मांजराला भात ठेवलाय." केळीच्या पानावर ठेवायचे, कारन दुसरं ताट न्हवतं आनि दुसरं ताट घेतलं असतं तर लोकांनी इचारलं असतं. जातीनं ते वरचे, मी कुनबीन, माझं उष्टं पान ते सवता उचलून खाचरात टाकायचे. "मांजराला ताप असंल तर सुंठ उगाळलेली हाय." "चौकीदाराचा निरोप आलाय, करंज्याला समदं बरं हाय, असं नाखव्याचा भाऊ बोलत व्हता. मला काय त्याचं." मी गोनीआड बसून तोंडात पदर कोंबायची. कधी हसू यायचं, जास्त करून रडू.

पोरगीची दुपटी वाळत घालायची कुटं? मेहताजी आपलं धोतर दोरीवर दुहेरी टाकायचे आनि मधी दुपटं. इहिरीवर लोकं इचारायची, "मेहताजी, येवडं पानी?" तर बोलायचे, "पाय शेकतो." "आनि येवडं दूध?" "दात गेले." दात समदे व्हते.

पन पोर ते पोर, ते रडनार. दिवसा वखारीवर हमाल, पेढीवर गिऱ्हाइक, आनि पोरगीनं टाहो फोडला की मी तिच्या तोंडावर हात धरायची. हात दाबला की ती लाल व्हायची, मंग जांभळी, मंग मी भिऊन हात काढायची. आयेनं पोरीच्या तोंडावर हात धरायचा, देवा, माझाच हात मला नको झालेला. आनि तिचा आवाज फुटला की पुढं ओटीवर मेहताजी गायला लागायचे. आरती. भर दुपारी, गळा न्हाय, ताल न्हाय, हातातली पट्टी पेटीवर आपटून आपटून. आरती संपली की आकडे मोठ्यानं वाचायचे. आकडे संपले की मांजराला शिव्या. मांजर कधीच न्हवतं तितं. गावातली पोरं ओटीखाली गोळा व्हायची आनि त्यांच्याबरोबर बोंबलायची. बाया बोलायच्या, मेहताजींना पिशाच लागलं. पानी जास्त, दूध जास्त, धोतर दुहेरी, मांजराशी भांडन. अजून रेवदंड्यात ही गोष्ट हसत सांगतात. मी सांगते ती आतली बाजू, आनि ती मी सोडून कोनी बघितली न्हाय.

आनि त्यातनंच घात झाला. ज्या आरडाओरड्यानं आमचं झाकलं, त्यानंच उघडं पाडलं. कोनीतरी मुंबईला कळवलं की मेहताजींचं डोकं फिरलं, पेढीची इज्जत जाते. शेठनं भाच्याला धाडलं. दर्या बंद, म्हनून तो वळसा घालून अलिबागेवरनं मोटारनं आला, चिखलानं भरलेला, चिडलेला.

पुढचं काय झालं ते आधीच सांगून टाकते, म्हंजे मला शेवटी ते लिवावं लागनार न्हाय. मेहताजींनी समदं आपल्या अंगावर घेतलं. चौकीदाराला काय ठाव न्हवतं, नाखव्यानं येकच मोजला, दोन मी लिवले, चूक माझी, असं लिवून दिलं. म्हनून आमच्या ह्यांची नोकरी राहिली. मेहताजींची गेली. येवडी वर्सं दुसऱ्यांची भाडी तपासली, पन जाताना त्यांना पेढीनं भाडं दिलं न्हाय. बदली न्हवती ना ती, काढून टाकनं व्हतं, आनि काढून टाकलेल्या मान्साला बिऱ्हाड नसतं. चौलच्या रस्त्यानं पावसात चालत गेले. येक पेटी हमालाच्या डोक्यावर, येक सवताच्या. कुटं गेले, जिवंत हायत का न्हाय, नाखवा पन सांगू शकत न्हाय.

तर तो दिवस. सकाळीच मेहताजी भिताडाशी बोलले, "आज शेठचा भाचा ओटीवर बसनार. आज हितं श्वास पन न्हाय." आनि पोरगीला आदल्या दिसापासनं ताप. मी तिला छातीशी घट्ट धरून गोन्यांच्या मागं. पुढं भाचा बोलतोय ते ऐकू येत व्हतं, गुजराथी आनि मराठी मिसळून, "मेहताजी, गाम आखं हसे छे, तुम्ही बिलाडीशी बोलता?" सारा गाव हसतो म्हने, मांजराशी बोलतात म्हनून.

आनि पोरगीला आकडी आली.

डोळे वर गेले, हातपाय लाकडासारखे, तोंडाला फेस. रडली न्हाय. इतके दिवस मी तिला रडू नको, रडू नको करत व्हते आनि आता ती रडत न्हवती. मी हलवलं, फुंकर मारली, काय न्हाय. हकीम मोहल्ल्यात, बाजाराच्या पल्याड. मागं खाचर, कमरेयेवडं पानी. पुढं ओटी. मी ह्यांची नोकरी आठवली, आठवली न्हाय असं न्हाय. मेहताजी आठवले. मंग पोरगीचे ओठ बघितले, निळे, आनि माझे पाय आपोआप पुढं निघाले.

ओटीवर भाचा गादीवर, हातात चहाचा कप. मी त्याच्या समोरनं गेले. केस सुटलेले, अंगाला गोनीची धूळ. मेहताजी भिताडाशी उभे.

"आ कोन छे?" भाचा ओरडला. "मेहताजी! घरामां बायडी? हे शूं हाय?"

मी थांबले न्हाय. पायऱ्या उतरले, चिखलात पाय घसरला, गुडघ्यावर पडले, पोरगी वर धरली. पाऊस तिच्या तोंडावर. आनि तेवड्यात पाऊस थांबला. थांबला न्हवता, वर छत्री आली व्हती. मेहताजींनी माझ्या दंडाला धरून उठवलं. इतक्या दिसांत पहिल्यांदा माझ्याकडं बघून बोलले.

"बाय, उजव्या अंगानं चाल. तितं दगड हायत."

"मेहताजी!" मागनं भाचा. "मी तुम्हाला पुसतो हाय!"

"आलो," मेहताजी मागं न बघता बोलले, आनि आम्ही चालत राहिलो.

बाजार भरलेला. भरबाजारात मेहताजी येका तरन्या बाईवर छत्री धरून, सवता भिजत. दुकानातनं लोकं बाहेर आली. येक पोर ओरडलं, "मेहताजी, आरती म्हना!" कोनीतरी हसलं, येक बाय बोलली, "अगो, ही तर चौकीदाराची बायको, ही गेली व्हती ना?" दुसरी बोलली, "गेली कसली, हितंच ठेवली म्हाताऱ्यानं." मला ते कानात शिरलं, जळत शिरलं. मी मेहताजींकडं बघितलं. त्यांनी पन ऐकलं व्हतं.

ते थांबले. त्या बाईला बोलले, "चौकीदाराची बायको हाय. ओली बाळंतीन व्हती, मचव्यात बसली न्हाय. मी बसली असं लिवलं. आता बाजूला व्हा, पोर आजारी हाय."

बाया बाजूला झाल्या.

हकीम दारातच व्हते. पोरगी घेतली, उतानी टाकली, कांदा फोडून नाकाशी धरला, डोक्यावर थंड पान्याची पट्टी, दातांत बोट घालून कसलंसं औषध पाजलं. "कोनाचं पोर?" त्यांनी इचारलं. मेहताजी बोलले, "हिचं."

काय न्हाय. काय न्हाय. हकीम तिच्या तळपायांना घासत व्हते. मी देवाला काय बोलले ते मला ठाव न्हाय.

मंग तिचा हात सैल पडला. आनि छाती येकदम वर आली आनि ती रडली. अशी रडली, अशी रडली की बाजारातली मानसं दाराशी आली. सवयीनं माझा हात तिच्या तोंडाकडं गेला. हकीमांनी माझा हात धरला. "रडू दे, बेटी. रडते म्हंजे हाय."

मी तिला घेतलं आनि ती माझ्या कानात रडत राहिली. मी बघितलं तर मेहताजी उंबऱ्याबाहेर पागोळीखाली उभे, टोपीतनं पानी गळतंय, आनि पोरगीकडं बघतायत. ती दमून हुंदक्यांवर आली तवा त्यांनी छत्री भिताडाला टेकवली.

"जाताना ही घेऊन जा," बोलले. चपला हातात घेतल्या आनि पेढीच्या वाटेला लागले. भाचा तितं त्यांची वाट बघत बसला व्हता.